मिनिटाला दोन श्वास

समर्थ रामदासांच्या दासबोधात सतराव्या दशकाचा पाचवा समास अजपानिरूपणाचा आहे. माणूस एका दिवसरात्रीत नकळत किती श्वास घेतो, त्याची संख्या तिथे दिली आहे: २१,६००. हा आकडा घड्याळाला लावून पाहावा. २४ तासांची मिनिटं होतात १,४४०. भागाकार केला की मिनिटाला बरोबर १५ श्वास येतात, एक कमी नाही की एक जास्त नाही. निवांत बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असावेत, असं आजची वैद्यकाची पुस्तकं सांगतात. सेकंदकाटा घरोघर नव्हता त्या काळातली ही संख्या आजही डॉक्टरांच्या हिशेबात चपखल बसते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

दिवसाला २१,६००, वर्षाला ७८ लाख ८४ हजार, आणि सत्तरी गाठलेल्या माणसाचे साधारण ५५ कोटी. एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर. हवेलाही वजन असतं. ही हवा भरते सुमारे १३ किलो. आपण जेवतो आणि पाणी पितो ते सगळं मिळून याच्या निम्म्यानेही नसतं. तरी ताटात काय वाढलंय ते आपण रोज बघतो, आणि नाकावाटे काय आत गेलं याचा विचार दम लागल्यावरच येतो.

हे सगळं मांडायला बसलो ते तामसीमुळे. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडळाचं गाव. राज्य तेलंगणाचं, पण घराघरांत मराठी, बाजारात तेलुगू आणि उर्दू, आणि आसपासच्या वाड्यापाड्यांवर गोंडी. उत्तरेला पैनगंगा वाहते, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. जमीन काळी, पीक कापसाचं. वेचणी संपली की शेतात उभ्या राहतात पऱ्हाट्या. त्या उपटून, मोळ्या बांधून घरामागे रचायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या, ही रीत पिढ्यानपिढ्यांची. जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या. थंडीत तेलंगणातला सगळ्यात कमी पारा बऱ्याचदा याच जिल्ह्यात नोंदला जातो, त्यामुळे पहाटे दारोदार शेकोट्या पेटतात. रानात तेंदूपत्ता, म्हणून बिडी स्वस्त आणि हाताशी. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्याच्या छातीत कापसाची धूळ वेगळीच. फुप्फुसाला त्रास देणारी एवढी कारणं एकाच गावात नांदतात.

आता गॅस बहुतेक घरांत आला आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण आज ज्या आजीला साठी-पासष्टीत धाप लागते, तिने पंधराव्या वर्षी फुंकणी हातात घेतली होती. तिच्या छातीत आहे तो तेव्हापासूनचा हिशेब.

तो हिशेब करून पाहू. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नाकासमोर घनमीटर हवेत ५०० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण धरू. बंद स्वयंपाकघरात याहून कितीतरी जास्त मोजले गेले आहेत, तेव्हा हा आकडा बेताचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास स्वयंपाक आणि मिनिटाला १० लिटर हवा धरली, तर दिवसाला ९०० मायक्रोग्रॅम धूर छातीत जातो. हे वजन डोळ्यांना दिसणारही नाही, पुरता एक मिलिग्रॅमही नाही. पण धुराचा एकेक कण साधारण ०.३ मायक्रॉनचा धरून मोजला, तर तेवढ्यात सुमारे ६,४०० कोटी कण असतात. एका दिवसात, एका बाईच्या. बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. जे राहतात ते राहतात. चाळीस वर्षांत श्वासाबरोबर आत गेलेल्या धुराचं वजन भरतं सुमारे १३ ग्रॅम.

बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा धापेचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, हे जगासमोर ठामपणे मांडणाऱ्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी आहेत. २००९ साली त्यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये याच विषयावर लेख लिहिला. तोवर डॉक्टरही 'ओढता का?' एवढं विचारून थांबत. चुलीचा प्रश्न यादीत नसे. आजही जगात सुमारे २१० कोटी माणसांचा स्वयंपाक लाकूड, गोवरी, कोळसा किंवा रॉकेलवर होतो.

धूर जातो कुठे, ते पाहण्यासारखं आहे. श्वासनलिका छातीत उतरते आणि तिचे दोन फाटे होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. असे २३ वेळा फाटे फुटतात. दोनाचा तेविसावा घात काढला तर उत्तर येतं ८३,८८,६०८. या नळ्यांच्या टोकांना वायुकोश असतात, सरासरी ४८ कोटी. ते सगळे उलगडून पसरले तर ७० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त जागा व्यापतील. सरकारी योजनेतलं घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचं असतं. जवळजवळ तीन घरकुलांची जमीन प्रत्येकाच्या छातीत घडी घालून ठेवलेली आहे. एवढ्या पसाऱ्यावर कोणत्याही क्षणी असलेलं रक्त मात्र जेमतेम ७० मिलिलिटर. पसरलं तर त्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा त्याहूनही पातळ. लाल पेशी या भागातून पाऊण सेकंदात निघून जाते, आणि ऑक्सिजन उचलायला तिला त्यातला तिसरा हिस्सा वेळ पुरतो.

निसर्गाने इतकी उधळण करून ठेवली आहे, म्हणूनच नुकसान लपून राहतं. तिशीनंतर निरोगी माणसाची जोरात हवा बाहेर सोडण्याची ताकद वर्षाला २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. धूम्रपान करणाऱ्या आणि त्याची बाधा होणाऱ्या माणसात हा वेग दुपटीवर जातो. वर्षाला ६० मिलिलिटर म्हणजे दिवसाला ०.१६ मिलिलिटर, जेमतेम तीन थेंब. रोज तीन थेंबांएवढी ताकद गेली तर कुणाला कळणार? पण चाळीस वर्षांत ती २.४ लिटर होते, आणि एखाद्याची सुरुवातच तीन लिटरची असेल तर हाती उरतं काय, हे सांगायला नको. अतितीव्र आजार झालेल्यांची फुप्फुसं शास्त्रज्ञांनी सूक्ष्म सीटी स्कॅनने तपासली तेव्हा दिसलं, की निरोगी फुप्फुसात शेवटच्या बारीक नळ्या जिथे २२ हजारांच्या घरात असतात तिथे अडीच हजारसुद्धा उरल्या नव्हत्या. दहातल्या नऊ गेलेल्या.

उरलेल्या नळ्याही सुजतात आणि कफाने अरुंद होतात. इथे भौतिकशास्त्राचा एक निष्ठुर नियम लागू होतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट होऊन थांबत नाही, १६ पट होतो. नुसती दहा टक्के त्रिज्या घटली तरी विरोध दीडपट. म्हणून एखाद्या सर्दीने, एका रात्रीच्या शेकोटीच्या धुराने निरोगी माणसाचं काही बिघडत नाही आणि शेजारच्या बाजेवरच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं.

या आजाराचं डॉक्टरी नाव सीओपीडी. गावात त्याला दमाच म्हणतात. १९९० साली भारतात त्याचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ साली ५ कोटी ५३ लाख. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांत आपला वाटा ३२ टक्के. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरा-गावांतल्या ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या रुग्णांची नोंद केली होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचं हे काम. २,०४,९१२ रुग्ण मोजले गेले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती.

आता ५ कोटी ५३ लाख रुग्ण आणि त्यांचे मिनिटाला सरासरी २० श्वास धरू. एका दिवसात हे रुग्ण १ लाख ५९ हजार कोटी श्वास घेतात. हा आकडा मी दोनदा मांडून पाहिला, कारण तो डोक्यात मावत नाही. आणि यातला प्रत्येक श्वास कमवावा लागतो. निरोगी माणसाला दिवसभराच्या श्वासासाठी ३६ ते ७२ कॅलरी लागतात. तीव्र सीओपीडीत त्याच कामाला ४३० ते ७२० लागतात. घरचे म्हणतात, बाबा खातात पण अंगाला लागत नाही. लागणार कसं? चार-पाच भाकरींचं बळ नुसतं छातीचा भाता चालवण्यात जातं.

असा माणूस जवळून पाहिला की पुष्कळ कळतं. तो ओसरीवर बसतो तेव्हा दोन्ही हात टोंगळ्यांवर रोवलेले असतात. खांदे कानांकडे चढलेले. श्वास आत घेताना गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा-स्नायू ताणले जातात, गळ्याखालच्या हाडाच्या वरचा खळगा आत ओढला जातो. सोडताना तो ओठांचा चंबू करतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण तसं केल्याने बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत आणि हवा थोडी जास्त बाहेर पडते. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबतो. मिनिटाला १५ श्वासांना एकेक श्वास चार सेकंदांचा असतो. २४ श्वासांना तो अडीच सेकंदांवर येतो. त्याच्या अरुंद नळ्यांतून हवा बाहेर पडायला तर जास्त वेळ हवा असतो. मग आधीची हवा पुरती निघायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो, छाती फुगत जाते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. जितकी घाई, तितका दम. हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबवणं अवघड जातं.

चक्र फिरू लागण्याआधी काय घडतं, हा खरा प्रश्न आहे. सीओपीडीत रोजचा त्रास एका पातळीवर असतो आणि मधूनच तो एकदम वाढतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ७३,१०६ रुग्णांचा १७ वर्षं माग ठेवला गेला. पहिल्यांदा दवाखान्यात दाखल झाल्यानंतर दुसऱ्यांदा दाखल होण्याची वेळ साधारण पाच वर्षांनी आली. पुढे अंतर कमी कमी होत गेलं; नवव्या आणि दहाव्या खेपेमध्ये चार महिनेही उरले नाहीत. पहिल्या खेपेनंतर ३.६ वर्षांत निम्मे रुग्ण गेले होते. लंडनच्या एका अभ्यासात असे ५०४ झटके नोंदले गेले. त्यांतल्या एक चतुर्थांश झटक्यांनंतर ३५ दिवस उलटूनही फुंकण्याची ताकद पूर्वीवर आली नव्हती. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: औषध सुरू व्हायला जितके दिवस उशीर, त्या प्रत्येक दिवसामागे बरं होणं जवळजवळ अर्ध्या दिवसाने लांबतं. म्हणजे पहिली खेप लांबवता आली, किंवा ती येतेय हे दोन दिवस आधी कळलं, तर माणसाची वर्षं वाचतात.

दोन दिवस आधी कळतं का? स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे तपासलं आणि २०१२ साली छापलं. घरी ऑक्सिजनवर असलेले ८९ रुग्ण त्यांनी घेतले आणि ऑक्सिजनच्या यंत्रालाच श्वास मोजणारं उपकरण जोडलं. तीन महिन्यांत ३० जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यांतल्या २१ जणांचा श्वासाचा वेग आधीच्या दिवसांत चढत गेलेला होता. दाखल होण्याच्या २४ तास आधी मिनिटाला सरासरी ४.४ श्वास जास्त. ४८ तास आधी २.३ श्वास जास्त.

कोट्यवधींच्या हिशेबातून आपण आलो तो इथे, मिनिटाला दोन श्वासांपाशी. दिवसाच्या मापात ते ३,३१२ जादा श्वास होतात, आणि आदल्या दिवशी ६,३३६. एवढे श्वास त्या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत घेतलेले असतात. घरात वावरणाऱ्या कुणालाही ते दिसलेले नसतात, त्याला स्वतःलाही नाही. रोजच धाप लागते त्याला आज थोडी जास्त लागली, एवढंच. 'मावशी, आज दम कसा आहे?' म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'तसाच आहे बाई, रोजचाच.' ती खोटं बोलत नसते. पंधराचे सतरा झालेले माणसाला आतून जाणवत नाहीत, ते मोजावेच लागतात.

आणि मोजण्यातच आपण चुकतो. दवाखान्यांतही श्वास बऱ्याचदा १५ सेकंद मोजून चारने गुणले जातात. त्यात उत्तर नेहमी चाराच्या पाढ्यातलंच येणार: १२, १६, २०, २४. एक श्वास इकडचा तिकडे झाला की चाराचा फरक. जिथे शोधायचे आहेत २.३ श्वास, तिथे चार-चारच्या पट्टीने मापलं तर हाती काय लागेल? अर्ध्या मिनिटाच्या मोजणीतही पट्टी दोनाची राहते. म्हणून पूर्ण ६० सेकंद मोजण्याला पर्याय नाही. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात अनेकांच्या कागदावर १८ किंवा २० असा आकडा सवयीने पडतो, ही जगभरच्या दवाखान्यांची जुनी खोड आहे. रक्तदाब यंत्र मोजतं, ताप यंत्र मोजतं, नाडी यंत्र मोजतं. श्वासासाठी कुणाला तरी मिनिटभर दुसऱ्या माणसाकडे नुसतं बघत बसावं लागतं, आणि तेच आपल्याकडून होत नाही.

कोविडनंतर घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. ते उपयोगी आहेच, पण त्याच्या भरवशावर राहून चालत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० वर आला तरी त्या पडद्यावरचा आकडा ९७ वरून ९० पर्यंतच उतरतो. दाब चाळीस टक्क्यांनी घसरतो आणि आकडा सातच अंकांनी. शिवाय शरीर तो आकडा सांभाळण्यासाठी जिवाचं रान करतं, म्हणजे श्वास वाढवतं. सकाळी ९३, संध्याकाळी ९३ बघून घर निश्चिंत राहतं, आणि तो ९३ टिकवायला माणसाला कालच्यापेक्षा तीन हजार श्वास जास्त घ्यावे लागलेले असतात. आणखी एक सांगायला हवं: सीओपीडीच्या रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन देताना डॉक्टर ८८ ते ९२ टक्क्यांवर समाधान मानतात. अशा रुग्णाला ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. आकडा ९८ दिसावा म्हणून घरच्या घरी सिलिंडरची चावी वाढवणं धोक्याचं आहे.

श्वास मोजायला शिकलेली, न शिकलेली माणसं बसवता येतात का, अशी शंका कुणी काढेल. तिचं उत्तर तामसीपासून फार लांब नाही. पैनगंगेचं पाणी वर्धेला मिळतं, वर्धेचं वैनगंगेला. त्या वैनगंगेच्या काठच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. विदर्भात याला डब्बा म्हणतात. पोट उडतं आणि मूल दगावतं. गावात डॉक्टर नाही, एक्स-रे नाही. पण न्यूमोनिया झालेल्या मुलाचा श्वास जलद होतो, हे तर डोळ्यांना दिसतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा जास्त, अशा मर्यादा आज जगभर वापरतात.

अडचण होती ती हे श्वास मोजणाऱ्या गावच्या सुईणींची. साठपर्यंत मोजायचं, शिवाय घड्याळाकडेही बघायचं, हे निरक्षर बाईला कसं जमावं? म्हणून बंग यांनी एक साधं उपकरण केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्याजवळ तारेत ओवलेले मणी. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. मोजता यायला हवेत फक्त दहा.

त्या प्रयोगात ५८ गावांतली ६,१७६ मुलं होती आणि तुलनेला ४४ गावांतली ३,९४७. काम झालेल्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार झाले. तिथे न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एकही पुरतं दगावलं नाही, प्रमाण ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होतं. १९९० साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हाताने हे झालं, यापेक्षा मोठा आकडा मला या सगळ्या लेखात सापडत नाही.

गडचिरोलीचं ते शिक्षण पुढे देशभर गेलं. आज भारतात सुमारे दहा लाख आशा सेविका आहेत. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाणारी आशा बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजते. त्याच घरात ओसरीवर बाळाची पणजी बसलेली असते, हात टोंगळ्यांवर रोवून. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशा जो फॉर्म भरते, त्यात धाप लागते का आणि स्वयंपाक कशावर होतो, हे दोन्ही प्रश्न आहेत. नाव नोंदलं जातं, खूण केली जाते. श्वास मात्र बाळाचेच मोजले जातात. तेच घर, तीच बाई, तेच घड्याळ. मग आणखी एक मिनिट पणजीला द्यायला काय हरकत आहे? आशांवर कामाचा बोजा आधीच फार आहे, मानधन अपुरं आहे, हे मला मान्य आहे. म्हणून हे काम त्यांच्या डोक्यावर टाकण्यापेक्षा त्यांनी घरच्यांना शिकवावं. नातवंडाला येतं हे. सातवी-आठवीतल्या मुलाला मोबाइलवर मिनिट लावून आजोबांचे श्वास मोजता येतात.

मोजायचं कसं, त्याला काही नियम आहेत. रोज एकाच वेळी मोजावं. सकाळी उठल्यावर, चहा-बिडीच्या आधी, पंप घ्यायच्या आधी. चालून किंवा आंघोळ करून आल्यावर मोजू नये, दहा मिनिटं बसू द्यावं. 'तुमचा श्वास मोजतोय' असं सांगू नये, कारण सांगितलं की माणूस नकळत श्वास बदलतो. नर्स म्हणूनच नाडी धरल्याचं दाखवतात आणि नजर छातीवर ठेवतात; घरीही तसंच करावं. अंगावर घोंगडी असेल तर छातीपेक्षा पोटाची हालचाल नीट दिसते. वर गेलं-खाली आलं, एक. पूर्ण मिनिट. आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहावा, दुधाचा हिशेब लिहितात त्याच्याच बाजूला.

दोन आठवडे प्रकृती बरी असताना असं लिहिलं की त्या माणसाचा स्वतःचा आकडा कळतो. तो कुणाचा १६ असेल, कुणाचा २२. एका वयाच्या बाळांसाठी साऱ्या जगात एकच लाल मणी चालतो, इथे प्रत्येकाचा मणी वेगळ्या जागी बसवावा लागतो. स्पेनच्या त्या अभ्यासात ४८ तास आधीची वाढ १५ टक्के होती आणि २४ तास आधीची ३० टक्के. ज्याचा रोजचा आकडा १६ आहे, त्याचा १८-१९ झाला तर लक्ष द्यायचं आणि २१ झाला तर डॉक्टर गाठायचा. ज्याचा रोजचा २२ आहे, त्याच्यासाठी हेच आकडे २५ आणि २९ होतात. एका दिवसाच्या वाढीने घाबरून जाऊ नये. ताप, उकाडा, रात्रीचं जागरण यांनीही श्वास वाढतो, आणि पंधरा टक्क्यांच्या खुणेवर भरवसा ठेवला तर दाखल व्हावं न लागणाऱ्या सुमारे चारांतल्या एकासाठीही फुकटची हाक जाते, असं त्याच अभ्यासात दिसलं. सलग दोन दिवस वाढ दिसली, किंवा वाढीबरोबर बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, कफ वाढला, रात्री आडवं पडवेना, तर मात्र थांबू नये. पाच पैशांचा खर्च नसलेली ही नोंद घेऊन दवाखान्यात गेलं तर डॉक्टरलाही पंधरा दिवसांचा चढउतार एका नजरेत दिसतो. नाही तर त्याच्यासमोर फक्त आत्ताचा, जिना चढून आलेला माणूस असतो.

ओठ-नखं निळी पडली, एक वाक्यही धड पुरं करता येत नसेल, किंवा माणूस झोपाळल्यासारखा, भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, तेलंगणात आणि महाराष्ट्रात, हा नंबर एकच आहे.